वाळलेल्या कपड्यांना पुन्हा कुबट वास येतोय? दोष दोरीचा, ड्रायरचा की त्याआधीचा?

दोरीवरून काढताना कपडे कोरडे लागतात. ड्रायरमधून काढताना तर गरम आणि हलके वाटतात. मग कपाटात दोन दिवस राहिले, किंवा अंगात घातल्यावर थोडा घाम आला, की तोच आंबूस-कुबट वास परत येतो. पुन्हा धुतलं, पावडर वाढवली, सुगंधी कंडिशनर ओतलं, तरी आठवड्याभरात पुन्हा तेच. ही तक्रार दोरीवाले करतात तशीच ड्रायरवालेही करतात. बहुतेक जण उपाय म्हणून पद्धतच बदलतात: दोरीवाले ड्रायर घेतात, ड्रायरवाले कपडे बाहेर टाकू लागतात. चार दिवस बरं वाटतं, कारण नवी पद्धत नीट लक्ष देऊन वापरली जाते. मूळ दोष जागेवरच राहतो, म्हणून तक्रार परत येते.

वासाचं कारण जिवाणू. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये कुबट वासाच्या धुतलेल्या कपड्यांवर मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू दाखवून दिला. घाम आणि त्वचेवरची तेलकट द्रव्यं कापडात उरलेली असली की त्यांच्यापासून तो उग्र वासाचं आम्ल तयार करतो. कापड सुकलं तरी तो लगेच मरत नाही, नुसता थांबतो, आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. म्हणून कपडे ‘शेवटी वाळले का’ यापेक्षा ते किती तास ओलसर राहिले हे जास्त महत्त्वाचं. धुणं संपल्यापासून पाच-सहा तासांत कापड पूर्ण कोरडं व्हावं, एवढं उद्दिष्ट ठेवा. हा वेळ खूप लांबत असेल तर पाणी कुठे अडतंय ते शोधायचं. ते तीन ठिकाणी अडतं: पिळण्यात, हवेत किंवा कपड्याच्या घडीत.

(या लेखात ड्रायर म्हणजे गरम हवेने कपडे वाळवणारं यंत्र. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबलाही ड्रायर म्हणतात, पण तो फक्त पिळतो. टॉप लोड मशीनमधलं ‘एअर ड्राय’सुद्धा बहुधा गरम हवेशिवाय चालतं. त्यातून निघालेले कपडे वाळवायचेच असतात.)

पहिली तपासणी: वजन

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा आणि एक मोठी पिशवी, एवढ्यावर अर्धं निदान होतं. सुती कपड्यांचा एक लोड धुण्याआधी कोरडा तोला. स्पिन संपल्या संपल्या तेच कपडे पुन्हा तोला. फरक म्हणजे कपड्यात राहिलेलं पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर.

५ किलो सुती कपड्यांचं वजन मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या स्पिननंतर साधारण ७.५ किलोच्या आसपास यावं. १००० फेऱ्यांना ८ किलो, ८०० फेऱ्यांना ८.५ किलोपर्यंत. ड्रमच्या आकारानुसार थोडा फरक पडतो. सिंथेटिक कपडे यापेक्षा बरंच कमी पाणी धरतात, म्हणून तपासणी सुती कपड्यांवरच करा. आकडा ९ किलोच्या पुढे गेला तर दोरीला आणि ड्रायरला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी वॉशिंग मशीनमध्येच निघायला हवं होतं.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६८ युनिट इतकी उष्णता लागते. ही निसर्गाची किंमत आहे, कोणत्याही कंपनीच्या ड्रायरला ती चुकत नाही. हीट पंपवाला ड्रायर ही उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो म्हणून त्याचं बिल कमी येतं, एवढंच. तेच एक लिटर पाणी ड्रम जोरात फिरवून झटकून टाकायला त्या मानाने नगण्य वीज लागते. वाळवण्याचा सगळ्यात स्वस्त टप्पा स्पिनचा आहे, आणि दुर्लक्षही सगळ्यात जास्त त्याच्याकडेच होतं.

स्पिनमध्ये पाणी अडत असेल तर

आधी सेटिंग बघा. ‘डेलिकेट’ किंवा ‘सिंथेटिक’ प्रोग्रॅममध्ये स्पिन आपोआप कमी होतो. सुती कपड्यांना तो हाताने वाढवा, किंवा शेवटी फक्त स्पिनचा वेगळा फेरा द्या.

दुसरं कारण असमतोल. एकटा जाड टॉवेल किंवा बाथमॅट टाकला तर वजन ड्रमच्या एका बाजूला जातं. मशीन दोन-तीनदा कपडे पसरवून बघते, जमलं नाही तर कमी वेगावर काम उरकते. सोबत आणखी दोन-तीन टॉवेल टाका. गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र जोरात फिरवू नका. पाणी त्याच्या खोळीत अडकून बसतं आणि मशीन जागेवरून हलण्याइतका धक्का बसू शकतो.

तिसरं कारण फेस. पावडर जास्त झाली की ड्रम आणि बाहेरच्या टबच्या मध्ये फेस साचतो, पंप पाण्याऐवजी फेस आणि हवा ओढतो, ड्रमला वेग मिळत नाही. ओळखायची खूण अशी: स्पिन संपल्यावर दाराच्या काचेला फेस लागलेला असतो आणि कपडा हाताने पिळला तर दुधाळ पाणी येतं. एकदा पावडर न घालता नुसता रिन्स आणि स्पिन चालवा, पुढच्या धुण्यापासून पावडर निम्मी करा. वास येतोय म्हणून पावडर वाढवणं इथे नेमकं उलटं पडतं. न निघालेला साबण आणि मळ यांचा थर कापडात बसतो, आणि जिवाणूंना खायला तोच मिळतो.

शेवटी पाणी बाहेर जाण्याची वाट. फ्रंट लोड मशीनच्या पुढे खाली एक झाकण असतं, आत पंपाचा फिल्टर. मशीन बंद करून प्लग काढा, खाली पसरट भांडं आणि फडकं ठेवा, फिल्टर हळूहळू उलटा फिरवा. नाणी, हेअरपिना, कागदाचा लगदा, बाळाचा मोजा, काहीही निघू शकतं. महिन्यातून एकदा हे करावं. ड्रेनचा पाइप मागे भिंतीशी दबलेला नाही ना, तेही बघून घ्या.

आणि धुणं संपल्यावर कपडे ड्रममध्ये पडून ठेवू नका. बंद, कोमट, ओल्या ड्रममध्ये रात्र गेली की पुढचं सगळं बिघडतं. रात्री मशीन लावायचीच असेल तर उशिरा सुरू होण्याची सोय वापरा आणि धुणं तुमच्या उठण्याच्या वेळेला संपेल असं बघा.

ड्रायर: फिरतो, गरम होतो, पण कपडे ओलेच

स्पिनचा आकडा बरोबर येतोय आणि तरी ड्रायरमधून कपडे दमट निघतात, तर तीन गोष्टी तपासा. ड्रम फिरतोय का? आतली हवा गरम होतेय का? ओली हवा बाहेर जातेय का? बहुतांश वेळा उत्तर तिसऱ्या प्रश्नात सापडतं.

लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंची) जाळी दर लोडनंतर साफ करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जाळी दिसायला स्वच्छ असूनही बुजलेली असू शकते. फॅब्रिक कंडिशनरचा आणि ड्रायर शीटचा (कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या पातळ पट्टीचा) मेणचट थर तिच्या छिद्रांवर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक. वर साचून राहिलं तर कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा.

पुढचं ड्रायरच्या प्रकारावर अवलंबून आहे.

व्हेंटेड ड्रायर ओली हवा पाइपने घराबाहेर टाकतो. पाइपचा व्यास साधारण १० सेंटिमीटर असतो. तो जितका आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत, तितकं चांगलं. प्रत्येक काटकोनी वळण हवेला जवळपास दीड मीटर जास्तीच्या पाइपाइतकं अडवतं. प्लास्टिकचा किंवा पातळ फॉइलचा चुण्यांचा पाइप लिंट धरून ठेवतो आणि आगीलाही आमंत्रण देतो. कडक धातूचा पाइप लावा. सांध्यांना आत टोकं येतील असे स्क्रू मारू नका, लिंट तिथेच अडकायला सुरुवात होते. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बसवण्याचा मोह होतो, तीही काही आठवड्यांत बुजते. ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन बघा: झडप पूर्ण उघडली पाहिजे आणि हाताला जोरदार गरम झोत लागला पाहिजे. झोत मंद असेल तर प्लग काढून पाइप सोडवा आणि लांब दांड्याच्या ब्रशने साफ करा. गॅसवर चालणारा ड्रायर पाइप काढून एक मिनिटही चालवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो जीव घेतो.

व्हेंटेड ड्रायर जितकी हवा बाहेर टाकतो तितकी खोलीतून ओढतोही. छोट्या बंद खोलीत ठेवून दार-खिडकी लावून घेतली तर त्याला हवाच मिळत नाही. फट ठेवा.

कंडेन्सर ड्रायरमध्ये हवा आतच थंड होते आणि पाणी टाकीत जमतं. टाकी प्रत्येक वेळी रिकामी करा. कंडेन्सरचा ठोकळा खालच्या झाकणामागे असतो. तो बाहेर काढून नळाखाली दोन्ही दिशांनी धुवा, महिन्यातून एकदा तरी. परत बसवताना त्याचं रबरी सील नीट बसलं नाही तर दमट हवा खोलीत गळते. ड्रायर चालू असताना खिडकीच्या काचेवर किंवा भिंतीवर पाणी धरत असेल तर हे सील तपासा.

हीट पंप ड्रायर वेगळा. तो साधारण ५० अंशांवर काम करतो, कपड्यांना सौम्य असतो, वीज व्हेंटेडच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी घेतो, पण वेळ जास्त लागतो. भरलेल्या लोडला दोन ते तीन तास लागणं हा बिघाड नाही. पूर्वी दोन तास लागायचे आणि आता चार लागतात, हा बिघाड आहे. खालचा स्पंजचा फिल्टर धुवा. त्यामागे धातूच्या पातळ पत्र्या दिसतात, त्यांवर राखाडी थर असेल तर मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, वरून खाली, हलकेच काढा. त्या धारदार असतात आणि पटकन वाकतात, हातमोजे घाला. खोली ५ अंशांच्या खाली किंवा ३५ अंशांच्या वर असेल तर हे यंत्र रखडतं.

एकाच मशीनमध्ये धुणारं आणि वाळवणारं वॉशर-ड्रायर असेल, तर निम्म्या तक्रारींचं कारण भरणं असतं. धुण्याची क्षमता ८ किलो असली तरी वाळवण्याची ५ किलोच असू शकते. धुऊन झाल्यावर काही कपडे बाहेर काढावेच लागतात. अशी अनेक यंत्रं वाळवताना वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. धुणं संपलं म्हणून नळ बंद केला की कपडे तासन्‌तास गरम होत राहतात, वाळत मात्र नाहीत.

ड्रम फिरतोय पण हवा थंडच, अशा वेळी हीटर किंवा उष्णतेचा सुरक्षा-कटआउट गेलेला असतो. काही यंत्रांना मागे रीसेटचं बटण असतं. ते दाबून चालू झालं तरी तेवढ्यावर थांबू नका: कटआउट उडतो तो बहुतेक वेळा हवा अडल्याने आत उष्णता साचते म्हणून. हवेची वाट मोकळी न करता नवा कटआउट बसवला तर तोही उडेल. हे काम मेकॅनिकचं, पण त्याला ‘हवेची वाट तपासली का’ हे विचारणं तुमचं.

उलट तक्रारही असते: ड्रायर लवकरच थांबतो आणि चादरीच्या आत ओले मोजे सापडतात. सेन्सर असलेल्या ड्रायरमध्ये ड्रमच्या तोंडाशी दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून सूक्ष्म प्रवाह जातो, आणि यंत्राला ओल कळते. पट्ट्यांवर कंडिशनरचा थर बसला की ती कळत नाही. पांढऱ्या व्हिनेगरने फडकं ओलं करून पट्ट्या पुसा, मग साध्या पाण्याने. उशीच्या अभ्र्यांची आणि रजईच्या खोळींची तोंडं बटणं लावून बंद करा, नाहीतर बाकीचे कपडे त्यात शिरून गोळा होतो. ड्रम निम्मा ते दोन-तृतीयांशच भरा. अगदी दोन-तीन कपडे असतील तर सेन्सर फसतो, तेव्हा वेळ लावून चालवा.

गरम कपड्यातली ओल हाताला कळत नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं पसरून ठेवा, मग नेफा, खिसे आणि बगलेची शिवण चाचपा. गरम असतानाच घडी घालून रचलं तर शिवणीतली ओल सगळ्या थप्पीत पसरते, आणि कपाटातला वास इथूनच सुरू होतो.

दोरी: ऊन नव्हे, हवा मोजा

२५ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ५० टक्के असेल तर अजून साडेअकरा ग्रॅमची जागा रिकामी असते, ९० टक्के असेल तर दोन ग्रॅमपेक्षा थोडीच जास्त. म्हणजे ३ लिटर पाणी घेऊन जायला कोरड्या दिवशी सुमारे २६० घनमीटर हवा कपड्यांवरून जावी लागते, दमट दिवशी १३०० घनमीटर. म्हणून ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे खडखडीत वाळतात आणि कोंदट, दमट दिवशी ऊन असूनही रेंगाळतात. ड्रायर हेच गणित हवा तापवून सोडवतो: ६० अंशांना त्याच घनमीटरमध्ये १३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते.

दोरीवर करायचं ते एवढंच की प्रत्येक कपड्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळली पाहिजे. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा. दोन दोऱ्यांमध्ये वीतभर. चादर एका दोरीवर दुहेरी टाकली तर आतल्या बाजू एकमेकींना चिकटून ओल्या राहतात. ती दोन दोऱ्यांवर पसरून मध्ये पोकळी ठेवा. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर काढा, कमरेला चार चिमटे लावून नळकांड्यासारखी उघडी टांगा. हुडीची टोपी पाठीवर लोळू देऊ नका, तिला वेगळा चिमटा लावा. शर्ट रुंद खांद्याच्या हँगरवर. टॉवेल दोरीवर मधोमध दुमडू नका, एका कडेने लटकवा. रंगीत कपडे उलटे करून सावलीत.

वेळ सकाळची निवडा. दिवस चढतो तशी हवा तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. संध्याकाळी उलटं होतं. सूर्य मावळल्यावरही दोरीवर राहिलेला जवळपास कोरडा कपडा हवेतली ओल परत घेतो, दव पडलं तर भिजतोच. अर्धवट वाळलेले कपडे संध्याकाळी आत आणा आणि पंख्याखाली पसरा, ‘उद्या ऊन आलं की वाळतील’ म्हणून बाहेर ठेवू नका.

घरात वाळवायचं तर ते तीन लिटर पाणी घरातच हवेत जाणार, आणि वाट मिळाली नाही तर भिंतीवर बुरशी धरणार. खिडकी उघडी ठेवून पंखा कपड्यांवर आडवा मारा. छताच्या पंख्यापेक्षा टेबल फॅन सरस. बाहेरची हवाच फार दमट असेल तर खिडकी बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावणं फायद्याचं.

दोरीवरचे टॉवेल खरखरीत होतात त्यामागे वाऱ्याने न हलणं हे मोठं कारण. कापसाच्या तंतूंवर उरलेलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून धरतं. जड पाण्यातले क्षार आणि साबणाचे अंश त्यात भर घालतात. टांगण्याआधी टॉवेल दहा वेळा जोरात झटका, अर्धा वाळल्यावर पुन्हा झटका. कंडिशनर टाळा, त्याने टॉवेल मऊ लागतो पण पाणी कमी टिपतो.

आधीच वास बसलेले कपडे

वाळवणं सुधारल्याने जुना वास जाणार नाही, तो एकदा मुळातून काढावा लागतो. पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांसाठी: ५ लिटर गरम पाण्यात, ५० ते ६० अंश, दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पावडर) विरघळवा. कपडे एक-दोन तास बुडवून ठेवा, मग ६० अंशांवर नेहमीच्या पावडरीने धुवा. लोकर आणि रेशीम यात घालू नका. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. त्याच दिवशी मशीनही साफ करा: दाराच्या रबराच्या घडीतलं काळं पुसा, पावडरीचा कप्पा काढून धुवा, रिकामं मशीन सर्वांत गरम प्रोग्रॅमवर चालवा आणि नंतर दार उघडं ठेवा. नाहीतर स्वच्छ कपड्यांना पहिल्याच धुण्यात तेच जिवाणू पुन्हा लागतील.

दोन्ही असतील तर

ड्रायर आणि दोरी दोन्ही हाताशी असतील तर आमचा कल मिश्र पद्धतीकडे आहे. कोरड्या दिवशी सगळं दोरीवर; टॉवेल जवळपास वाळल्यावर दहा मिनिटं ड्रायरमध्ये फिरवले की खरखर जाते. दमट दिवशी उलटा क्रम: पहिली ३०-४० मिनिटं ड्रायर, मग शर्ट किंचित ओलसर असतानाच काढून हँगरवर. सर्वांत ओले तास ड्रायरमध्ये निघून जातात, कपडे फार आटत नाहीत, इस्त्रीही कमी लागते.

लेबलवर चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर चालेल. आत एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे नेहमीची, फुली म्हणजे नको. चौकोनात उभी रेघ म्हणजे टांगून, आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून, कोपऱ्यात तिरकी रेघ म्हणजे सावलीत. लोकरी स्वेटर, इलॅस्टिकचे व्यायामाचे कपडे आणि ब्रा ड्रायरपासून लांब ठेवा. रबराचा किंवा फोमचा पाठीमागचा थर असलेली पायपुसणी, आणि स्वयंपाकाचं तेल, पॉलिश किंवा थिनर लागलेली फडकी तर धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये टाकू नका. तेलाचा अंश उष्णतेत हवेशी संयोग पावून आपोआप तापत जातो, आणि यंत्र बंद झाल्यावरही थप्पी पेट घेऊ शकते. शेवटचा थंड हवेचा फेरा याचसाठी असतो. तो संपण्याआधी ड्रायर थांबवावाच लागला, तर कपडे लगेच बाहेर काढून सुटे पसरा.